धडगावच्या पाड्यावरील घरासाठी सौरवीज: पॅनेलच्या आधी बॅटरीचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धडगाव तालुक्यातील पाड्यावर, विजेच्या शेवटच्या खांबापासून सुमारे दोन किलोमीटर आत, तुमचे कौलारू घर आहे आणि त्यात सहा माणसे राहतात. दिवे, एक पंखा, मोबाइल आणि जमल्यास टीव्ही एवढीच गरज आहे. हाताशी तीस हजार रुपये आहेत, पण शहाद्याच्या एका विक्रेत्याने ‘एक किलोवॅटचा सेट, दीडशेच्या बॅटरीसह’ पासष्ट हजारांना सांगितला आहे. कर्ज काढून तो घ्यावा, कमी पैशात काही करावे, की खांब येण्याची वाट पाहावी, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

माझे मत आधी सांगतो. तो सेट घेऊ नका, आणि खांबाची वाट पाहत अंधारातही बसू नका. तुमची गरज तीस हजारांच्या आसपास भागू शकते. अट एवढीच, की पैशांचा मोठा वाटा बॅटरीत आणि वायरीत जावा आणि इन्व्हर्टरच्या नादी लागू नये. सातपुड्यात आणि मेळघाटात घरगुती सौरसंच बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करताना मला बिघडलेले पॅनेल क्वचितच दिसले आहे. बंद पडलेल्या घरांमध्ये जवळजवळ नेहमी बॅटरी मेलेली असते, आणि ती का मेली याची कारणे खरेदीच्या दिवशीच तयार झालेली असतात.

प्रथम त्या ‘एक किलोवॅट’चा अर्थ विक्रेत्याकडून लेखी मागा. बाजारात हा शब्द बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या क्षमतेसाठी वापरला जातो, म्हणजे इन्व्हर्टर एक केव्हीएचा आणि पॅनेल मात्र १६५ वॅटची दोन, असा प्रकार असतो. पॅनेल खरोखर हजार वॅटचे असतील तर अडचण वेगळी आहे. हजार वॅट म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीकडे भर उन्हात सत्तर अॅम्पिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो, आणि १५० एएचच्या (एएच म्हणजे अॅम्पिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचे माप) ट्युब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांच्या लेड-अॅसिड बॅटरीला साधारण पंधरा अॅम्पिअर मानवतात. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग आवरणारा कंट्रोलर हा प्रवाह रोखणार असेल तर पॅनेलचे पैसे वाया जातात, आणि रोखणार नसेल तर बॅटरी तापून पाणी सोडते. दोन्ही अर्थांनी तो संच तुमच्या घरासाठी जुळवलेला नाही.

इन्व्हर्टरविषयी थोडे अधिक सांगतो, कारण स्वस्त सौरसंचात सर्वांत जास्त वीज नकळत तोच खातो. एक केव्हीएचा साधा इन्व्हर्टर काहीही जोडलेले नसताना, नुसता चालू राहण्यासाठी, दहा ते वीस वॅट घेतो. चोवीस तासांत हे २४० ते ४८० वॅट-तास होतात. तुमच्या सगळ्या घराची रोजची गरज पुढे काढली आहे, ती ५४० वॅट-तास आहे. म्हणजे इन्व्हर्टर ठेवलात तर जवळपास दुसरे घर पोसावे लागते. शिवाय इन्व्हर्टर असला की शेजारून मिक्सर येतो, पाहुणे इस्त्री लावतात, आणि ७५० वॅटची इस्त्री अर्ध्या तासात तुमच्या रात्रभराच्या पंख्याहून अधिक वीज ओढते. म्हणून दिवे, पंखा आणि मोबाइल बॅटरीतून थेट मिळणाऱ्या बारा व्होल्ट डीसी विजेवर चालवा. बारा व्होल्टचे टीव्हीही मिळतात. घरात आधीच साधा टीव्ही असेल तर त्याच्यापुरता दीडशे-दोनशे वॅटचा छोटा इन्व्हर्टर ठेवा आणि टीव्ही बंद करताना तोही बटणाने बंद करा.

आता गरजेचा हिशेब. सात वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास म्हणजे १४० वॅट-तास. बारा व्होल्टचा ब्रशलेस पंखा २८ वॅट घेतो, तो दहा तास चालला तर २८०. इथे साधा छताचा पंखा लावलात तर तोच आकडा ७५० होतो, त्यामुळे पंख्यावर दिलेले जादा पैसे बॅटरीत लगेच वसूल होतात. तीस वॅटचा टीव्ही तीन तास म्हणजे ९० आणि दोन मोबाइल मिळून ३०. एकूण ५४० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सौभाग्य योजना आणली तेव्हा तारा नेणे शक्य नसलेल्या दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचे पॅनेल, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि एक डीसी प्लग असा संच ठरवला होता. तुमची गरजही त्याच मापात बसते.

पॅनेलवर २०० वॅट लिहिलेले असते ते प्रयोगशाळेतील २५ अंश तापमानाला. एप्रिलमध्ये पॅनेलची काच ६५ अंशांच्या पुढे जाते आणि तेवढ्यानेच सुमारे पंधरा टक्के वीज घटते. धूळ, वायर, कंट्रोलर आणि बॅटरी यांची घट धरली तर तीस टक्के सोडून द्यावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसाला पूर्ण तेजाचे साडेपाच तास धरता येतात, म्हणजे २०० वॅटचे पॅनेल ७७० वॅट-तास देते आणि ५४०ची गरज आरामात भागते. जुलै-ऑगस्टमध्ये हे तीन तासांवर येतात आणि हाती ४२० उरतात. बहुतेक विक्रेते इथे थांबून म्हणतात की पॅनेल दुप्पट घ्या. पण सातपुड्यात ज्या महिन्यांत ऊन नसते त्या महिन्यांत पंखाही लागत नाही. पंखा वगळला, दिवे तासभर जास्त जाळले आणि टीव्ही एक तासावर आणला तर पावसाळ्याची गरज दोनशे ते अडीचशे वॅट-तास राहते. सलग चार-पाच दिवस ढग डोंगरावर उतरून बसले तर त्या दिवसांत टीव्ही बंद ठेवावा लागेल. ते चार दिवसही टीव्ही पाहता यावा म्हणून दहा-पंधरा हजारांची बॅटरी वाढवणे मला तरी पटत नाही.

बॅटरीत दोन पर्याय आहेत: लेड-अॅसिड ट्युब्युलर, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट. पहिली घ्यायला स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी, दुसरी तेवढ्याच क्षमतेसाठी महाग. पण ‘तेवढीच क्षमता’ हा शब्द फसवा आहे. १५० एएचच्या ट्युब्युलरमध्ये कागदावर १८०० वॅट-तास असतात, त्यातले रोज निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम फॉस्फेटमधील ऐंशी टक्के रोज वापरता येतात. त्याहून महत्त्वाचा फरक अर्धवट चार्जिंगचा आहे. लेड-अॅसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे पूर्ण न भरता वापरली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. छोट्या पॅनेलवर, पावसाळ्यात, नेमके हेच घडते. तिला नीट भरायला पंधरा अॅम्पिअर लागतात, आणि २०० वॅटचे पॅनेल बारा व्होल्टवर दहा-बाराच देते, म्हणजे तिच्यासाठी पॅनेलही ३०० वॅटचे घ्यावे लागते. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, ते पाड्यावर मिळत नाही, आणि मग कोणीतरी झऱ्याचे पाणी ओतते. तिचे वजन पन्नास किलोंहून जास्त असते. पाऊलवाटेने ती वर नेताना अॅसिड सांडणे ही काल्पनिक भीती नाही. लिथियम फॉस्फेटला अर्धवट चार्जिंगचा त्रास नाही, पाणी नको, आणि ६० एएचची बॅटरी शाळेच्या दप्तरातून नेता येते.

त्यामुळे तीस हजारांत मी असा संच सुचवीन: बारा व्होल्टचे २०० वॅटचे मोनो पॅनेल साधारण सहा हजार, १२.८ व्होल्ट ६० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी तेरा ते चौदा हजार, वीस अॅम्पिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचे जादा व्होल्ट वाया न घालवता प्रवाहात बदलणारा) साडेतीन हजार, डीसी पंखा सव्वादोन हजार, दिवे आठशे, आणि लोखंडी खांब, वायर, फ्यूज व अर्थिंग मिळून साडेचार हजार. गावानुसार यात हजार-दोन हजारांचा फरक पडेल. या बॅटरीत वापरण्याजोगे सहाशेच्या आसपास वॅट-तास आहेत, म्हणजे एक रात्र पूर्ण भागते आणि शिल्लक फारशी राहत नाही. दुसऱ्या वर्षी पैसे आले की टीव्ही घेण्याआधी बॅटरी वाढवा, पण ती त्याच कंपनीची, त्याच प्रकारची आणि समांतर जोडणीला कंपनीची परवानगी असलेली हवी. जुनी लेड-अॅसिड आणि नवी लिथियम एकत्र कधीही जोडू नका. ट्युब्युलर घेतलीत तर आज काही हजार वाचतील, पण पाड्यावरच्या वापरात ती तीन-चार वर्षांत बदलावी लागते. दहा वर्षांत दोनदा नवी बॅटरी, प्रत्येक वेळी तिची वाहतूक, आणि बंद काळातला अंधार, हे सगळे त्या ‘स्वस्त’ किमतीत मोजायला हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दरपत्रक जुन्या कराने केलेले नाही ना, तेही पाहून घ्या.

पॅनेलबाबत एक मोह टाळा. आज वॅटमागे सर्वांत स्वस्त मिळतात ती ५४० वॅटच्या वर्गातील मोठी पॅनेल, आणि कोणीतरी तुम्हाला ‘थोडेच जास्त देऊन अडीचपट घ्या’ असे सांगेल. ते पॅनेल चाळीस व्होल्टच्या आसपास काम करते. साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरने ते बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडले की पॅनेलचे तेरा अॅम्पिअर जसेच्या तसे येतात, व्होल्ट मात्र बॅटरीइतके उतरतात, आणि ५४० पैकी १८० वॅटच हाती लागतात. एमपीपीटी ही तफावत सांभाळतो, पण इतक्या प्रवाहासाठी तो चाळीस अॅम्पिअरचा लागतो. शिवाय ते पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि अठ्ठावीस किलोंच्या आसपास वजनाचे असते. मोटारसायकलवर बांधून घाटातून न्यायची ती वस्तू नाही. कंट्रोलर घेतानाही सावध राहा. ‘एमपीपीटी’ असा कागद चिकटवलेले साधे पीडब्ल्यूएम बाजारात भरपूर आहेत. खऱ्या एमपीपीटीत तांब्याचे वेटोळे असते, तो हाताला जड लागतो, आणि वीस अॅम्पिअरचा असेल तर पाठीला अॅल्युमिनियमची पाती असलेली जाड पट्टी असते. सात-आठशे रुपयांत तो मिळत नाही.

कौलावर पॅनेल ठेवू नका. कौले वजनाने फुटतात, पावसात गळती सुरू होते, आणि साफ करायला वर चढणारा माणूस आणखी चार कौले फोडतो. अंगणात दहा-बारा फुटांचा लोखंडी खांब काँक्रीटमध्ये रोवून त्यावर दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी सुमारे वीस अंशांच्या कलाने पॅनेल बसवा. जागा ठरवण्याआधी सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत मोहाची किंवा आंब्याची सावली कुठे फिरते ते पाहा, आणि ते डिसेंबरचा खालून जाणारा सूर्य लक्षात घेऊन पाहा, कारण एका फांदीची सावली पॅनेलच्या छोट्या कोपऱ्यावर पडली तरी त्याचा मोठा हिस्सा गप्प होतो.

वायर हा भाग फार लोक गांभीर्याने घेत नाहीत, पण कमी व्होल्टेजवर सगळे त्यावरच अवलंबून असते. पॅनेलपासून कंट्रोलर दहा मीटरवर असेल आणि तुम्ही अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरलीत तर अकरा अॅम्पिअरला दीड व्होल्टहून जास्त वायरीतच जातात, म्हणजे पॅनेलच्या अठरा व्होल्टपैकी नऊ टक्के. सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर हे नुकसान चार टक्क्यांच्या आत येते. अॅल्युमिनियमची किंवा तांब्याचा मुलामा दिलेली वायर घेऊ नका. कंट्रोलर आणि बॅटरी एकमेकांपासून हातभर अंतरावर ठेवा. बॅटरीच्या धन टोकाला, अगदी जवळ, तीस अॅम्पिअरचा फ्यूज हवाच. लिथियम बॅटरीचे शॉर्ट सर्किट काही क्षणांत वायर लाल करते आणि तुमचे छत लाकडाचे आहे. स्विच किंवा एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) लावणार असाल तर डीसीसाठीच बनवलेला घ्या, कारण घरगुती एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी तोडू शकत नाही. खांबाला अर्थिंगचा रॉड जोडा आणि जूनच्या सुरुवातीच्या व ऑक्टोबरच्या गडगडाटी संध्याकाळी पॅनेलची वायर कंट्रोलरपासून काढून ठेवण्याची सवय लावा. जोडणीचा क्रम नेहमी आधी बॅटरी आणि मग पॅनेल असा असतो, आणि काढताना उलटा. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम असा निवडला आहे ना, हे बसवणाऱ्याकडून तुमच्यासमोर करून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण धडगावच्या घराला ती विचारात घ्यावी लागते. ऊसतोडीसाठी कुटुंब दिवाळीनंतर गुजरातकडे गेले की घर महिनोन्महिने बंद राहते. लेड-अॅसिड बॅटरी या काळात चार्जिंगवाचून ठेवली तर परत येईपर्यंत निकामी होते आणि चार्जिंगवर ठेवली तर तिचे पाणी पाहायला कोणीतरी हवे. लिथियम फॉस्फेट निम्मी भरलेली असताना सगळ्या वायरी काढून कोरड्या, थंड जागी ठेवली की तिला काही होत नाही. मी तर म्हणेन, बॅटरी आणि कंट्रोलर दोन्ही मागे राहणाऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवून जा. चोरीचीही काळजी मिटेल.

आता खांबाची वाट आणि योजना. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३० हजार आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. महाराष्ट्रात १०० युनिटांच्या आतल्या गरीब ग्राहकांसाठी राज्याचे वाढीव अनुदानही आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एका किलोवॅटसाठी ते १७,५०० रुपये मिळते. मात्र ही सारी मदत महावितरणचा मीटर असलेल्या घरांसाठी आहे, तुम्हाला ती आज लागू नाही. पायथ्याच्या गावातील नातेवाइकांनी ती घेतली तर त्यांना एक बाब आधीच सांगा: वीज गेली की ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला साधा इन्व्हर्टरही सुरक्षेसाठी बंद होतो, त्यामुळे छतावर पॅनेल असून भर दुपारी भारनियमनात घर बंदच राहते. तुमच्यासारख्या खांबाविना घरांसाठी वेगळा मार्ग आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पीएम-जनमन अभियानात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या समाजांच्या अशा घरांसाठी प्रति कुटुंब ५० हजार रुपयांपर्यंत खर्चाची ऑफ-ग्रिड सौरसंचाची तरतूद आहे, आणि २०२४ च्या धरती आबा अभियानाने इतर आदिवासी गावांनाही सौरविजेच्या कक्षेत आणले. तुमच्या गावाचे नाव यादीत आहे का, हे तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि महाऊर्जेकडे (राज्य सरकारची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) लेखी अर्जाने विचारा. नाव असेल तर स्वतःचे तीस हजार आत्ताच खर्च करू नका.

खांब उद्या आला तर हा संच वाया जाईल का, ही शंका रास्त आहे. बांगलादेशात २००३ पासून सरकारी वित्तसंस्था ‘इडकॉल’च्या मदतीने चाळीस लाखांहून अधिक घरांत छोटे सौरसंच हप्त्यांवर गेले, जगातील हा अशा प्रकारचा सर्वांत मोठा कार्यक्रम मानला जातो. पुढे ग्रीड अपेक्षेहून लवकर गावोगावी पोहोचले, आणि लोकांनी संच बाजूला ठेवले व हप्तेही थांबवले. बिहारमधील धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॅटचे सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरते वीजजाळे, उभे राहिले; काही लोकांनी त्या मर्यादित विजेला नकली वीज म्हटले, सरकारी तारा आल्या, आणि ते ओस पडले. आपल्याच धडगाव तालुक्यातील बिलगावकरांनी श्रमदानाने १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारला होता. तो २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. अशा घटना पाहून मी एवढे ठरवले आहे, की बाहेरची वीज केव्हा येईल याचा अंदाज बांधायचा नाही, आणि ती आल्यावरही उपयोगी पडेल असेच घ्यायचे. तुम्हाला सुचवलेले डीसी दिवे, पंखा आणि लिथियम बॅटरी खांब आल्यावर भारनियमनाच्या वेळी कामाला येतील, कारण सातपुड्याच्या टोकाला गेलेल्या तारेवरची वीज पावसाळ्यात कितीदा जाते हे तुम्हीच पाहिले असेल. पासष्ट हजारांचा कर्जाचा संच मात्र खांब आल्यावर केवळ हप्त्याच्या रूपाने उरेल.

कर्ज घ्यायचेच असेल तर ते बचत गटातून आणि लहान घ्या, आणि परतफेड मोहफुलांच्या व ऊसतोडीच्या पैशांच्या वेळेशी जुळवून मागा. हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये कर्नाटकात सुरू केलेल्या ‘सेल्को’ने ग्रामीण बँकांना हेच पटवले, की गरीब कुटुंब सौरदिव्याचे पैसे फेडू शकते, फक्त हप्ता त्याच्या कमाईच्या चालीने पडला पाहिजे. दरमहा सारख्या हप्त्याचा करार पाड्यावरच्या माणसासाठी पावसाळ्यात मोडतो.

दुरुस्तीचा माणूस जवळ नसेल तर सर्वोत्तम संचही फार दिवस टिकत नाही. दिवे मंद झाले की सर्वसामान्य उपाय म्हणून कोणीतरी कंट्रोलर वगळून दिवे थेट बॅटरीला जोडतो; त्या रात्री उजेड मिळतो आणि बॅटरी पार रिकामी होईपर्यंत वापरली जाऊ लागते. यावर उपाय म्हणजे पाड्यावरील एक तरुण किंवा एक ताई, जिला मल्टिमीटर (व्होल्ट आणि अॅम्पिअर मोजायचे यंत्र) धरता येतो. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने निरक्षर स्त्रियांना सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवून दाखवली, आयआयटी मुंबईच्या सौर अभ्यासदिव्यांची जुळणीही गावातल्याच माणसांनी केली. हे काम शिकण्यासारखे आहे. बसवणारा मिस्त्री येईल तेव्हा त्याच्याकडून तीन मापे शिकून घ्या: भर उन्हात मोकळ्या पॅनेलचे व्होल्टेज, जे बारा व्होल्टच्या पॅनेलला वीस-बावीसच्या घरात दिसावे, सकाळी उठल्यावर बॅटरीचे व्होल्टेज, आणि दुपारी बॅटरीकडे जाणारे अॅम्पिअर. ही तीन मापे महिन्यातून एकदा वहीत लिहिली तर बिघाड नेमका कुठे आहे ते फोनवरूनही सांगता येते.

शहाद्याला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. विक्रेत्याकडून पक्के बिल घ्या आणि त्यावर पॅनेलचा, बॅटरीचा आणि कंट्रोलरचा क्रमांक, पॅनेलचे वॅट, बॅटरीचे एएच आणि व्होल्ट, वायरीची जाडी, आणि कोणत्या वस्तूची किती वर्षांची हमी आहे हे सर्व लिहून घ्या. पॅनेलवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि आयएस १४२८६ हा क्रमांक आहे का ते पाहा. हमीतील बॅटरी बदलायची असेल तर ती पाड्यावरून शहाद्यापर्यंत आणण्याचा खर्च कोणाचा, हेही बिलावरच ठरवा. बहुतेक हमीपत्रे या एका प्रश्नाशी येऊन अडतात.